इंटरकूलर मोठा बसवला की ईसीयूही ट्यून करावाच लागतो का?

घाटवाट
नमस्कार मंडळी.
गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, २०१८ची, ७ गिअरची डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). इंजिन, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), एक्झॉस्ट सगळं कंपनीचं. उन्हाळ्यात खंबाटकी किंवा आंबेनळी घाटात गाडी थोडी दाबली की तिसऱ्या-चौथ्या वळणापासून दम कमी झालेला जाणवतो. ओबीडीवर (गाडीच्या निदान सॉकेटवर) इनटेक हवेचं तापमान ७०च्या आसपास दिसतं, बाहेर ३६-३७ असताना. म्हणून मोठा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) बसवायचा विचार आहे.

एक वर्कशॉप म्हणतं, थंड हवा जास्त जाणार, ईसीयूला ते कळणार नाही, मिश्रण लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) होऊन पिस्टन जळेल, म्हणून सोबत रीमॅप, म्हणजे ईसीयूच्या सॉफ्टवेअरचं ट्यूनिंग, केलाच पाहिजे. दुसरं म्हणतं, बसवा आणि चालवा. मला सध्या रीमॅप नको आहे, डीएसजीची काळजी वाटते. खरं काय? फक्त इंटरकूलर बदलला तर ईसीयूला हात लावावा लागतो का?

दाबमापक
नाही लागत. बाकी सगळं कंपनीचं असेल तर तुमच्या गाडीत अजिबात नाही.

ईसीयूला इंटरकूलर केवढा आहे हे ठाऊक नसतं आणि त्याचं त्यावाचून अडतही नाही. तो बघतो ती इंटरकूलरमधून बाहेर पडलेली हवा. तुमच्या इंजिनात थ्रॉटलच्या आधीच्या नळीवर दाब आणि तापमान मोजणारा एक सेन्सर आहे, मॅनिफोल्डवर (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या भागावर) तसाच दुसरा. मॅनिफोल्डचा दाब, तिथलं तापमान आणि आरपीएम यांवरून तो प्रत्येक स्ट्रोकला सिलिंडरमध्ये किती हवा शिरली याचा हिशोब मांडतो. हवा थंड आली की त्याच दाबाला हवा जास्त निघते आणि इंजेक्टर तेवढा जास्त वेळ उघडा राहतो. उरलासुरला फरक एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड लॅम्डा सेन्सर पकडतो.

पहिल्या वर्कशॉपचं म्हणणं खरं असतं तर डिसेंबरात पहाटे ८ अंशांत महाबळेश्वरला गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचे पिस्टन जळाले असते. कंपनीने मॅप बनवताना अशी थंड हवा धरलेली असते. मोठा इंटरकूलर हवा त्याहून थंड करूच शकत नाही. बाहेरच्या हवेच्या खाली तो कधीच जात नाही.

सावकाश_चला
म्हणजे ईसीयूच्या लेखी मोठा इंटरकूलर म्हणजे बारमाही महाबळेश्वर! :)

आकडेमोडे
वरचा मुद्दा आकड्यांत मांडतो, म्हणजे किती अपेक्षा ठेवायची ते कळेल.

बाहेर ३५ अंश, टर्बोचं प्रेशर रेशो (टर्बोनंतरचा दाब बाहेरच्या किती पट) २, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरू. टर्बोतून बाहेर पडणारी हवा साधारण १३१ अंश. इंटरकूलर ७० टक्के काम करत असेल तर थ्रॉटलपाशी ६४ अंश. मोठ्या इंटरकूलरने तेच ८५ टक्के केलं तर ४९ अंश. त्याच दाबाला घनतेचा फरक ३३७ भागिले ३२२, म्हणजे पावणेपाच टक्के. एवढंच. जाहिरातीत कुणी नुसत्या इंटरकूलरवर २५-३० अश्वशक्ती वाढते म्हणत असेल तर तो रीमॅपचाही आकडा त्यातच धरतो आहे.

आणखी एक. घाट चढत वर गेलात की बाहेरचा दाब घटतो. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर, तिथे हवेचा दाब ८६० मिलिबारच्या आसपास. मॅनिफोल्डमध्ये तेवढाच दाब द्यायला टर्बोला जास्त ओढावं लागतं, प्रेशर रेशो २.२च्या पुढे जातं आणि हवा आणखी तापते. वर हवा गार असते म्हणून ते लगेच कळत नाही, पण घाटात गाडी दम टाकते त्यात याचा वाटा असतो.

स्टेज_वन_प्लस
@दाबमापक, थोडा असहमत. पावणेपाच टक्के हवा जास्त गेली तर टॉर्कही तेवढाच वाढणार. २५० न्यूटन मीटरचे २६२ होणार. या गाडीतला डीक्यू२०० हा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स, त्याची मर्यादाच २५०. म्हणजे ईसीयूत नाही तरी गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी करावंच लागेल ना?

अभियंता_ताई
तसं होत नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. या पिढीचा ईसीयू दाबाच्या मागे धावत नाही, टॉर्कच्या मागे धावतो.

तुम्ही पेडल दाबलंत की तो आधी ठरवतो किती टॉर्क द्यायचा. गिअरबॉक्सने घातलेली मर्यादा इथेच लागू होते. त्या टॉर्कसाठी किती हवा लागेल ते ठरतं, आणि तेवढी हवा आत जायला सध्याच्या तापमानाला किती दाब हवा ते सगळ्यात शेवटी. मग इलेक्ट्रिक वेस्टगेट (टर्बोला टाळून एक्झॉस्ट सोडणारी झडप) त्या दाबापर्यंत टर्बो चालवतो. हवा थंड झाली की तेवढीच हवा कमी दाबात मावते, म्हणून ईसीयू बूस्टच, म्हणजे टर्बोचा दाबच, कमी मागतो. नवीन इंटरकूलर बसवल्यावर लॉगमध्ये (ओबीडीवरून उतरवलेल्या आकड्यांत) बूस्ट ५०-८० मिलिबारने कमी दिसला तर दचकू नका, इंटरकूलर काम करतोय याचीच ती खूण आहे. टॉर्क २५०च राहतो. गिअरबॉक्सला काही करायचं नाही.

मग फायदा कुठे? हवा तापली की ईसीयू दोन गोष्टी करतो. इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि तापमान आणखी चढलं तर हवेची, म्हणजे टॉर्कचीच मर्यादा खाली आणतो. @घाटवाट, तुम्हाला तिसऱ्या वळणानंतर जाणवतं ते हेच. चांगला इंटरकूलर नवी ताकद देत नाही. कंपनीने दिलेली ताकद दहाव्या वळणावरही टिकवून ठेवतो. स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ, गाडीसाठी मला हेच कारण पटतं, आणि ते पुरेसं आहे.

स्टेज_वन_प्लस
बूस्ट कमी मागतो हे लक्षात आलं नव्हतं. धन्यवाद ताई. माझा अनुभव जुन्या गाड्यांचा, तिथे वेस्टगेटची स्प्रिंग दाबावरच उघडते.

नळीवाला
जुन्या गाड्यांत मात्र स्टेज_वन_प्लस यांचं बरोबर आहे, ते इथे नोंदवून ठेवतो. वेस्टगेट नुसत्या स्प्रिंग आणि बूस्टच्या नळीवर चालतो, बूस्ट ठराविक असतो, तिथे थंड हवा म्हणजे खरोखर जास्त हवा. हवा मोजणारा मास सेन्सर किंवा इंजेक्टर आधीच शेवटच्या टोकाला असेल तर वरच्या आरपीएमला मिश्रण लीन होऊ शकतं किंवा ईसीयू ओव्हरबूस्ट समजून इंधन तोडतो. पी०२३४ कोड. अशा गाडीत वाइडबँड मीटर लावल्याशिवाय पूर्ण पेडल देऊ नये.

नव्या गाडीतही ट्यूनला हात लावायची वेळ येते ती इंटरकूलरच्या आकारामुळे नाही, सोबत आलेल्या नळ्यांमुळे. किटमधल्या नळीवर सेन्सरची जागा बदलली असेल, सेन्सरचं टोक हवेच्या प्रवाहात न येता ॲडॅप्टरच्या खोबणीत दडलं असेल तर तापमान उशिरा आणि चुकीचं वाचलं जातं. मास सेन्सरच्या गाडीत त्याच्या घराचा व्यास बदलला तर सगळा हिशोब चुकतो. घेताना विचारा: मूळ सेन्सर मूळ जागी, मूळ खोलीवर बसतो का? बसत असेल तर झालं.

डिझेलप्रेमी
डिझेलबद्दल कुणी सांगा ना. ट्यून न करता इंटरकूलर बदलून काही उपयोग आहे का?

अभियंता_ताई
डिझेलमध्ये ताकद ठरते इंधनाच्या मात्रेवर, हवा तशीही गरजेपेक्षा जास्तच असते. त्यामुळे स्टॉक मॅपवर हवा थंड झाली म्हणून ताकद फारशी वाढणार नाही. एक्झॉस्टचं तापमान उतरेल, भर लोडवर काजळी कमी होईल, डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) थोडा सावकाश भरेल. मास सेन्सर टर्बोच्या आधी असतो, त्याला इंटरकूलरचं सोयरसुतक नसतं. ईजीआरचं (थोडा एक्झॉस्ट परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या यंत्रणेचं) नियंत्रणही त्यावरच, म्हणून तिथेही ढवळाढवळ नाही.

मात्र आपल्याकडच्या लाखभर किलोमीटर झालेल्या डिझेलचा इंटरकूलर बदलण्याआधी उतरवून उपडा करून बघा. क्रँककेस ब्रीदरमधून आलेलं तेल आत साचलेलं असतं. तेलाचा थर उष्णता अडवतो. डीग्रीझरने धुवून, पूर्ण वाळवून परत बसवला तरी फरक पडतो. ओला बसवू नका, आणि पेट्रोलने धुतला असेल तर वास जाईपर्यंत बसवू नका. डिझेल इंजिनला इनटेकमधून इंधन मिळालं तर किल्ली काढूनही ते थांबत नाही.

पोलोवाला_मिरज
पोलो १.०ला मोठा फ्रंट इंटरकूलर मिळेल का? बंपरच्या जाळीतून दिसला पाहिजे.

दाबमापक
तुमच्या गाडीत समोर हवेवर चालणारा इंटरकूलर नाहीच. १.० टीएसआयचा इंटरकूलर पाण्यावर चालतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. समोर त्याचा छोटा वेगळा रेडिएटर आणि एक इलेक्ट्रिक पंप असतो. हवेचा मार्ग आखूड म्हणून पेडलला प्रतिसाद लगेच. तोटा असा की पाणी एकदा तापलं की गार व्हायला वेळ लागतो.

तिथे तापमान चढत असेल तर आधी पंप तपासा. इंजिन बंद केल्यावरही तो काही वेळ फिरतो, हात लावून कळतं. कूलंट बदलताना त्या सर्किटमध्ये हवा अडकली असेल तर पंप फिरूनही उपयोग नसतो. व्हॅक्यूमने कूलंट भरून घ्या, नुसतं टाकीत ओतून नाही.

विदर्भ_एक्सप्रेस
एक मुद्दा कुणी काढला नाही. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतात. ऑक्टाव्हियात इंटरकूलर एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये आहे. जाड कोअर टाकला की मागच्या रेडिएटरची हवा अडते. घाटात इनटेक थंड आणि कूलंट गरम, असं व्हायला नको भाऊ.

नळीवाला
फार महत्त्वाचा मुद्दा. इंटरकूलर दोन जातींचे येतात. एक नळ्या आणि पातळ फिनचा, हलका, हवा आरपार सोडतो. दुसरा बार-प्लेटचा, जड, ॲल्युमिनियम भरपूर.

बार-प्लेट उष्णता साठवतो, म्हणून दहा-पंधरा सेकंदांच्या जोरात तापमान फार हळू चढतं. ड्रॅगवाल्यांना तो आवडतो. पण सिग्नलला तापला तर उतरतोही हळूच. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडून हायवेला लागलात की पहिले दोन-तीन मिनिटं स्टॉकपेक्षा वाईट आकडे दिसू शकतात. नळी-फिनवाला लवकर तापतो आणि वारा लागला की लवकर उतरतो, रेडिएटरलाही हवा पुरवतो. रोजची गाडी, उष्ण गाव, एसी कायम सुरू असेल तर मी नळी-फिनचाच घ्यायला सांगेन, जाडीने थोडा जास्त आणि मूळ जागेत बसणारा.

आणि बसवताना कडेचे फोम, प्लास्टिकचे हवारोधक पत्रे टाकून देऊ नका! फिटर 'बसत नाही' म्हणून ते कापतो आणि फेकतो. हवेला कोअरमधून जाण्यापेक्षा कडेने पळणं सोपं असतं. फोम गेला की मोठा इंटरकूलर लहान इंटरकूलरएवढंच काम करतो, आणि रेडिएटरलाही हवा कमी पडते.

फोंडेकर
मोठ्या इंटरकूलरने टर्बो लॅग वाढतो म्हणतात, ते?

आकडेमोडे
मोजून बघू. नवीन कोअरमध्ये स्टॉकपेक्षा ४ लिटर जास्त जागा धरा, ती १ बारने भरायची. १.८ लिटरचं इंजिन ३,००० आरपीएमला सेकंदाला ४५ लिटर हवा गिळतं, तीही दाबलेली. ४ लिटरची भर पडायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. पायाला कळण्यासारखं नाही. लॅग खरोखर वाढलेला जाणवत असेल तर कुठेतरी गळती आहे.

नळीवाला
गळतीवरून बसवण्याबद्दल लिहितो, कारण इंटरकूलर बदलल्यावर येणाऱ्या दहापैकी नऊ तक्रारी ट्यूनच्या नसतात, जोडणीच्या असतात.

बंपर काढून पुढची चौकट सर्व्हिस पोझिशनला, म्हणजे लांब बोल्टांवर पुढे सरकवावी लागते. एसीचे पाइप उघडायचे नाहीत, कंडेन्सर दोरीने वर बांधून ठेवायचा. लोंबकळत ठेवला की पाइपाच्या वाकावर ताण येतो आणि महिन्याभरात गॅस जातो.

फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत नळ्या तारेच्या क्लिपने आणि आतल्या रबरी सीलने बसतात. सील नवीन घ्या. जुनं सील चपटं झालेलं असतं, दिसायला ठीक, पण एक बारला सोडतं. नळीच्या आतला आणि कोअरच्या तोंडावरचा तेलाचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सिलिकॉन होज असेल तर क्लॅम्प नळीच्या कडेच्या उंचवट्याच्या आत बसला पाहिजे, उंचवट्यावर नाही. तेलकट नळीवर कितीही घट्ट क्लॅम्प लावा, पहिल्या पूर्ण बूस्टला होज उडते. वर्म ड्राइव्हचा साधा क्लॅम्प सिलिकॉन कापतो, टी-बोल्टचा वापरा, आणि तोही होज पिळवटेपर्यंत आवळू नका.

बंपर लावण्याआधी प्रेशर टेस्ट. टर्बोच्या तोंडाला टोपी लावून कॉम्प्रेसरने रेग्युलेटरमधून आधी अर्धा बार, मग १ बार. जास्त नको, क्रँककेसचे सील उगाच फुगतात. साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर. बुडबुडा दिसला तर तो जोड उघडून परत. १० मिनिटांचं काम आहे. जो फिटर 'गरज नाही' म्हणेल त्याला टेस्ट करायलाच लावा.

शेवटी बाहेरच्या तापमानाच्या सेन्सरचा, हॉर्नचा आणि फॉग लाइटचा प्लग. हे तिन्ही हमखास विसरले जातात. तापमानाचा सेन्सर सुटला तर एसीही विचित्र वागतो.

स्टेज_वन_प्लस
गळती ओळखायची कशी? लीन दाखवेल ना?

अभियंता_ताई
गाडीवर अवलंबून आहे. मास सेन्सर असलेल्या गाडीत सेन्सरने मोजलेली हवा पुढे गळते, इंधन मात्र पूर्ण पडतं. म्हणजे बूस्टमध्ये मिश्रण रिच (इंधन जास्त) होतं, काळा धूर, डिझेलमध्ये तर ढगच. दाबावर हिशोब करणाऱ्या गाडीत गळती इंटरकूलरच्या नळीत असेल तर मिश्रणाला काही होत नाही, कारण सेन्सर गळतीच्या पुढची हवा बघतो. तिथे दिसतं ते एवढंच की मागितलेला बूस्ट मिळत नाही, वेस्टगेट पूर्ण बंद असतो, टर्बो शिट्टीसारखा वाजतो आणि पी०२९९, बूस्ट कमी असल्याचा कोड, येतो.

कोड येण्याआधीही एक लक्षण दिसतं. गळणारी हवा भरून काढायला टर्बो जास्त वेगाने फिरतो, हवा आणखी तापते. इनटेकचं तापमान चढलेलं दिसतं आणि माणूस इंटरकूलर बदलायला निघतो.

जर्मनीतून_सातारकर
इकडे स्टुटगार्टला इंटरकूलर बदलला तरी टीयूव्ही या तपासणी संस्थेचं मान्यतापत्र लागतं, नाहीतर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच संपुष्टात येऊ शकतो. म्हणून चांगले उत्पादक कोअरसोबत तसं प्रमाणपत्र देतात. भारतात ते बंधन नाही, पण आयात केलेला भाग घेताना असं प्रमाणपत्र असलेला घ्या. त्याची तपासणी झालेली असते.

सावकाश_चला
विमा आणि वॉरंटी? इंटरकूलरने वॉरंटी जाते का?

दाबमापक
विमा कंपनीला कुठलाही बदल लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावरून क्लेम अडतो, आणि तेव्हा वाद घालून फायदा नसतो.

वॉरंटीत हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांत फरक आहे. इंटरकूलर परत स्टॉक बसवता येतो. ईसीयू फ्लॅश केला तर फोक्सवॅगन गटाच्या निदान यंत्रणेत सॉफ्टवेअर जुळत नाही म्हणून टीडी१ ही नोंद होते. नंतर स्टॉक फाइल परत टाकली तरी ती नोंद पुसली जात नाही. घाटवाट यांना आत्ता रीमॅप नको आहे ते याही कारणाने योग्य.

स्टेज_वन_प्लस
मग ट्यून आणि इंटरकूलर यांचा संबंध उलटा म्हणायचा का? ट्यूनला इंटरकूलर लागतो, इंटरकूलरला ट्यून लागत नाही.

अभियंता_ताई
अगदी तसंच. आणि क्रमही तोच ठेवावा. पुढेमागे रीमॅप करायचा असेल तर आधी इंटरकूलर, मग लॉग, मग ट्यून. रीमॅप आधी आणि इंटरकूलर नंतर केला तर ट्यूनरने गरम हवेसाठी टायमिंग आधीच मागे ठेवलेलं असतं आणि तुमचा इंटरकूलर वाया जातो.

ट्यूनरला काय विचारायचं तेही लिहून ठेवते. नवीन इंटरकूलरमधून जाताना हवेचा दाब किती पडतो हे त्याला माहीत हवं. स्टॉकमध्ये ०.१५ बार पडत असेल आणि नव्यात ०.०७, तर त्याच बूस्टला टर्बो कमी वेगाने फिरतो. तो वाचलेला वेग वापरायचा की टर्बोसाठी राखून ठेवायचा हा निर्णय त्याने तुमच्याशी बोलून घ्यावा. १.८च्या छोट्या टर्बोत मी राखून ठेवायला सांगेन. बूस्ट वाढवणार असेल तर सेन्सरची मर्यादा विचारा. २.५ बारचा सेन्सर त्याच्या टोकाला गेला की ईसीयूला पुढे काहीच दिसत नाही.

आणि एक गोष्ट अजिबात मान्य करू नका. काही ठिकाणी इनटेक तापमानावरची टायमिंग दुरुस्ती शून्य करून देतात, म्हणजे गरम हवेतही गाडी 'मागे हटत नाही'. काही ठिकाणी त्याहून वाईट, तापमानाच्या सेन्सरच्या वायरला रेझिस्टर जोडून ईसीयूला हवा थंड असल्याचं खोटं सांगतात. दाबावर हिशोब करणाऱ्या इंजिनात यामुळे हवा प्रत्यक्षापेक्षा जास्त धरली जाते, इंधन चुकतं आणि टायमिंग पुढे जातं. आत प्रत्यक्ष ७० अंशांची हवा असते. मग वाचवायला फक्त नॉक सेन्सर उरतो, आणि तो नॉक (इंधनाचा अवेळी स्फोट) झाल्यावरच बोलतो. पिस्टनच्या रिंगांमधले कठडे तुटतात ते असेच. ही दुरुस्ती इंजिनाच्या जिवाची आहे, ती काढू देऊ नका.

विदर्भ_एक्सप्रेस
आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं त्याचा याच्याशी संबंध?

आकडेमोडे
आहे. शुद्ध पेट्रोलला १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२०ला साधारण १३.५. म्हणजे त्याच हवेला वजनाने सुमारे ९ टक्के इंधन जास्त. स्टॉक टॉर्कला इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप ते पेलतात. ट्यून करून वर थंड हवा दिली की दोन्ही बाजूंनी इंधनाची मागणी वाढते, म्हणून लॉगमध्ये रेल प्रेशर (इंजेक्टरांपाशी इंधनाचा दाब) मागितलेलं आणि मिळालेलं दोन्ही बघा. वरच्या आरपीएमला मिळालेलं खाली घसरत असेल तर पंप संपला.

चांगली बाजू अशी की इथेनॉल नॉक सहन करतं आणि बाष्प होताना सिलिंडरमध्येच गारवा देतं.

घाटवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. ओबीडीइलेव्हन या निदान ॲपने काढलेला लॉग देतो, गाडी अजून पूर्ण स्टॉक. तिसरा गिअर, पूर्ण पेडल, बाहेर ३४ अंश.

२,५०० आरपीएम: बूस्ट मागितला १,८६० मिलिबार, मिळाला १,८४०. इनटेक ५२.
३,५००: मागितला १,९००, मिळाला १,८२०. इनटेक ६०.
४,५००: मागितला १,९००, मिळाला १,७४०. इनटेक ६९. तिसऱ्या सिलिंडरचं टायमिंग साडेचार अंश मागे.
वेस्टगेट ३,५००च्या पुढे पूर्ण बंद. लॅम्डा मागितल्याप्रमाणे. कोड कुठलाही नाही.

नळीवाला
थांबा, इंटरकूलरची ऑर्डर देऊ नका! वेस्टगेट पूर्ण बंद आणि तरी १६० मिलिबार कमी. स्टॉक ट्यूनवर साडेचार हजारला या टर्बोने असं करायला नको. मिश्रण बरोबर आणि बूस्ट कमी, ताईंनी वर लिहिलेलं गळतीचं लक्षण नेमकं हेच.

अभियंता_ताई
सहमत. आधी प्रेशर टेस्ट, १ बारपर्यंत. टर्बोच्या तोंडाची नळी, इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंची सीलं आणि थ्रॉटलच्या आधीचा जोड, या क्रमाने बघा. इंटरकूलरच्या खालच्या कोपऱ्यातही साबण लावा. दगड लागून तिथे बारीक भोक पडतं, आणि प्लास्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनियमशी असलेला जोडही तिथेच सुटतो. बंपर उघडलाच आहे तर कंडेन्सर आणि इंटरकूलर यांच्या फटीतला चिखल, पिसं, पानं कमी दाबाच्या पाण्याने मागून पुढे धुवा. प्रेशर वॉशर फिन वाकवतो. एअर फिल्टरही बघा, तोंडाशीच हवा अडली तरी टर्बो असाच धापा टाकतो.

टायमिंग एकाच सिलिंडरचं मागे आहे, म्हणून तिसऱ्याचा प्लग काढून त्याचा गॅप आणि रंग बाकी तिघांशी ताडून बघा. चारही सिलिंडरांना हवा तीच मिळते. फक्त हवा गरम असती तर चारही मागे गेले असते.

घाटवाट
टेस्ट शनिवारी करून घेतो. गळती निघाली तर सीलं बदलून हाच लॉग परत काढावा का?

अभियंता_ताई
हो, तोच गिअर, तोच पेट्रोल पंप, बाहेरचं तापमान दोन-तीन अंशांच्या आत. चढ रिकामा आणि सरळ असेल तिथेच, नाहीतर सरळ डायनोवर (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) काढा. डायनोवर मात्र पंख्याचा वारा रस्त्याएवढा नसतो, तिथे इनटेक १०-१५ अंश जास्त दिसला तर घाबरू नका. दोन लॉग इथेच टाका. बूस्ट जुळूनही ४,५००ला इनटेक ६०च्या वर राहिला, तर इंटरकूलरचं बोलू.